झाकणाच्या आतली नावे

(गोखिवरे येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचे कितीतरी विद्यार्थी समोर बसले आहेत. तेव्हा गुरुजींविषयी मी काही बोलणे म्हणजे आगाऊपणा ठरेल. विषय मात्र त्यांना आवडला असता, असे मला वाटते. वस्तूवर कोरलेले वाचण्याची आपल्या वसई तालुक्याला जुनी सवय आहे. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला आणि अशोकाच्या आज्ञालेखाचा तुकडाही शोधून काढला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि इथल्या चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत जाऊन टांगल्या गेल्या. त्यांतल्या नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर १७२१ हे साल आहे. ते कोणी वाचले नसते, तर ही घंटा पेशव्यांनीच ओतवून घेतली असे छातीठोकपणे सांगणारे आज निघाले असते.

मी ज्या वस्तूबद्दल बोलणार आहे ती तळहातात मावते. खिशातले घड्याळ. आपल्याकडे रेल्वेत नोकरी केलेले घर शोधायला फार चालावे लागत नाही, आणि अशा घरांतल्या कपाटांत कुठेतरी कापडाच्या पुरचुंडीत एक बंद पडलेले घड्याळ असते. ‘आजोबांचे आहे, ते गार्ड होते’ एवढी त्याची माहिती. त्या घड्याळावर तीन-चार ठिकाणी नावे असतात. ती कोणाची, आणि ती तिथे कशासाठी आली, हा आजचा प्रश्न.

तबकडीपासून सुरुवात करू, कारण फसगत तिथेच होते. तबकडीवर मोठ्या अक्षरांत जे नाव असते त्याने घड्याळ बनवले, असे आपण धरून चालतो. बहुतेक वेळा त्याने ते विकलेले असते, बनवलेले नसते. स्वित्झर्लंडमधले कारखाने मशीन तयार करीत आणि ज्या पेढीची ऑर्डर असेल तिचे नाव तबकडीच्या मिन्यावर चढवून देत. आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणारे नाव वेस्ट एंड वॉच कंपनी, खाली ‘मुंबई-कलकत्ता’. मूळ स्वित्झर्लंडमधल्या सेंट इमियेचे, बाजार हिंदुस्थानातला. घोडेस्वाराचे चित्र असलेला त्यांचा ‘सवार’ हा छाप वाचता न येणाऱ्यालाही ओळखू येई. याच सेंट इमिये गावात १८६७ पासून लाँजिनचा कारखाना आहे, आणि वेस्ट एंडच्या कितीतरी घड्याळांत आतले मशीन लाँजिनचे निघते. फेवर ल्यूबाची माणसे १८६५ मध्येच मुंबईत आली होती. मार्क्स अँड कंपनी, मुंबई आणि पुणे, हेही एक नाव. (कार्ल मार्क्सशी संबंध नाही. हा प्रश्न मला विचारला गेला आहे, म्हणून आधीच सांगतो.) आणि लंडनचे लंड अँड ब्लॉकली, ज्यांची मुंबईत शाखा होती. त्यांचे घड्याळ तुम्ही सर्वांनी पाहिले आहे, फक्त ते खिशात मावणारे नाही. विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरमध्ये आहे ते.

नाव सापडले की सवाल येतो, हे दुकान कधी कुठे होते? इथे आपले नशीब बरे आहे. मुंबईच्या जुन्या व्यापारी डिरेक्टऱ्या, टाइम्सची आणि थॅकरची, वर्षागणिक निघत. त्यांत धंद्यांप्रमाणे याद्या असत आणि घड्याळवाल्यांची वेगळी यादी असे. एखादी पेढी कोणत्या वर्षी पहिल्यांदा दिसते, पत्ता कधी बदलतो, नावामागे ‘अँड सन्स’ कधी लागते आणि ती यादीतून कधी नाहीशी होते, हे ओळीने पाहत गेले की तबकडीला मागची-पुढची मर्यादा मिळते. चांदीची केस असेल आणि ती इंग्लंडमध्ये तपासली गेली असेल, तर आणखी सोपे. नांगराचा शिक्का म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचे तोंड म्हणजे लंडन, आणि शेजारचे एकटे अक्षर म्हणजे साल, कारण ते अक्षर दरवर्षी बदलत असे. फक्त एक लक्षात ठेवा, केसचे साल म्हणजे मशीनचे साल नव्हे. आपल्याकडे एका घड्याळाचे मशीन दुसऱ्याच्या केसमध्ये बसवणे सर्रास चाले, आणि त्यात कोणाला गैर वाटत नसे.

आता रेल्वेकडे येतो. रेल्वेच्या घड्याळांवरचे फार खोल संशोधन अमेरिकेत झाले आहे, आणि त्याला एक अपघात कारण आहे. एप्रिल १८९१ मध्ये ओहायो राज्यातल्या किप्टन या ठिकाणी एक टपालगाडी आणि एक पॅसेंजर समोरासमोर धडकल्या. चौकशीत असे पुढे आले, की पॅसेंजरच्या ड्रायव्हरचे घड्याळ मध्येच चार मिनिटे बंद पडून पुन्हा आपोआप चालू झाले होते. टपालगाडीला वाट देण्यासाठी कुठे थांबायचे हे तो त्या घड्याळावरून ठरवत होता. यानंतर क्लीव्हलँडचा एक जवाहिऱ्या, वेब बॉल, त्या रेल्वेचा मुख्य वेळ-निरीक्षक नेमला गेला. त्याने घालून दिलेली पद्धत पुढे बहुतेक अमेरिकन रेल्वेंनी उचलली. घड्याळ उघड्या तोंडाचे हवे, आकडे ठळक, किमान सतरा ज्वेल, पाच स्थितींत जुळवलेले, आणि आठवड्याला तीस सेकंदांपेक्षा जास्त फरक नको. त्यातली एक अट मला फार आवडते. काटे फिरवण्यासाठी नेहमीसारखा खुंटा ओढून चालत नसे. पुढची काच फिरवून काढायची, कडेला लपलेली बारीक तरफ नखाने बाहेर ओढायची आणि मगच काटे हलत. खिशातून घड्याळ काढता काढता खुंटा ओढला जाऊन वेळ सरकू नये म्हणून हा खटाटोप.

घड्याळ कर्मचाऱ्याने स्वतःच्या पगारातून घ्यायचे, पुष्कळदा हप्त्याने. आणि ते तपासणार कोण? गावातला सोनार-जवाहिऱ्या. रेल्वेने प्रत्येक मोठ्या स्टेशनाच्या गावी एकेक दुकानदार निरीक्षक म्हणून नेमला. गार्डाने ठरल्या दिवशी त्याच्याकडे जायचे, त्याने आपल्या प्रमाण घड्याळाशी ताडून किती सेकंद पुढे-मागे ते कार्डावर लिहून सही करायची. घड्याळ नादुरुस्त निघाले तर तात्पुरते दुसरे द्यायचे. निरीक्षकाच्या हाती यातून फार पैसा पडत नसे. दुकानात रेल्वेची माणसे येत, हाच त्याचा मोबदला. म्हणून तिकडच्या तबकड्यांवर लहान लहान गावांतल्या जवाहिऱ्यांची नावे आढळतात, आणि संशोधक त्यांचा माग फार मजेशीर ठिकाणी काढतात. रेल्वे आपल्या नोकरांसाठी जे वेळापत्रक छापी, त्यात कंपनीच्या डॉक्टरांच्या यादीशेजारी घड्याळ-निरीक्षकांची यादी असे. पाय मोडला तर कोणाकडे जायचे आणि घड्याळ मागे पडले तर कोणाकडे, दोन्ही एका पानावर.

हे वाचल्यावर साहजिकच वाटते, की आपल्या जी.आय.पी. आणि बी.बी.सी.आय. (म्हणजे आजच्या मध्य आणि पश्चिम) रेल्वेचेही असे निरीक्षक असतील, ते शोधू. कोणी म्हणेल, गोऱ्या साहेबाने नेटिव्ह सोनारावर विश्वास टाकला नसता, म्हणून ते नसतील. मला हे उत्तर आळशी वाटते. खरे कारण रुळांवर आहे. अमेरिकेत शेकडो मैल एकेरी रूळ होते आणि गाड्यांची गाठ कुठे पडायची हे वेळापत्रकावर आणि तारेने येणाऱ्या हुकमांवर ठरे. दोन माणसांची दोन घड्याळे जुळली नाहीत तर समोरासमोर टक्कर. आपल्या रेल्वेने इंग्लंडची ब्लॉक पद्धत घेतली. पुढच्या स्टेशनाने लाइन क्लिअर दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही. दोन स्टेशनांमध्ये एका वेळी एकच गाडी, घड्याळात काहीही वाजले असोत. आपल्याकडे गाडी वाचवण्याचे काम ब्लॉक इन्स्ट्रुमेंटकडे होते. घड्याळावर जबाबदारी होती ती वक्तशीरपणाची आणि नोंदींची.

म्हणून आपल्याकडे वेळेचा मालक स्टेशन होते. भारतीय रेल्वेच्या सामान्य नियमांत आजही तसेच आहे. प्रमाण वेळ रोज दुपारी चार वाजता मुख्य स्टेशनांना कळवली जाते. टर्मिनसवरून किंवा कर्मचारी बदलतात त्या स्टेशनावरून गाडी सुटण्याआधी गार्डाने आपले घड्याळ स्टेशनच्या घड्याळाशी लावायचे, आणि ती वेळ ड्रायव्हरला सांगायची, मग त्याने आपले लावायचे. आता गार्डाला ट्रेन मॅनेजर आणि ड्रायव्हरला लोको पायलट म्हणतात, क्रम तोच आहे. वेळ वरून खाली येते. मधल्या मध्ये सही करणारा कोणी जवाहिऱ्या लागत नाही.

आणि त्यामुळेच इथल्या रेल्वे घड्याळांच्या पाठीवर माणसाचे नाव मिळत नाही, रेल्वेची आद्याक्षरे आणि एक नंबर मिळतो. घड्याळ रेल्वे कंपनीचे, गार्डाला वापरायला दिलेले. आद्याक्षरांवरून काळ लावायला जाल तर जपून. जी.आय.पी. रेल्वे १९२५ मध्ये सरकारच्या ताब्यात आली, बी.बी.सी.आय. १९४२ मध्ये, पण नावे तीच राहिली. ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य आणि पश्चिम रेल्वे झाल्या. म्हणजे आद्याक्षरे जुनी असतील तर रेल्वेने ते घड्याळ १९५१ पूर्वी नोंदवले, यापलीकडे ती काही सांगत नाहीत.

दुसरा एक सापळा सांगतो, कारण आपल्या भागात त्यात पुष्कळ घरे अडकलेली आहेत. पाठीवर इंजिनाचे उठावदार चित्र, तबकडीवर ‘रेल्वे रेग्युलेटर’ किंवा ‘रेल्वे टाइमकीपर’. घरचे म्हणतात, बघा, रेल्वेचे घड्याळ. अशी घड्याळे बहुतांशी रॉस्कॉफ जातीची असतात. जॉर्ज रॉस्कॉफ या माणसाने १८६७ मध्ये गिरणीकामगाराला परवडेल असे घड्याळ काढले, वीस फ्रँकांना. आतले भाग कमी, मांडणी सोपी, मशीन दणकट. पुढे असंख्य कारखान्यांनी त्याची नक्कल केली आणि ग्राहकाला भुरळ पडावी म्हणून इंजिनाचे चित्र टाकले. वक्तशीर म्हणजे रेल्वे, हे तेव्हा लोकांच्या मनात होते. (हसू नका, विरार लोकलवाल्यांनो.) टपालाने व्ही.पी. करून ही घड्याळे गावोगाव गेली. ज्या घरात असे घड्याळ असते त्या घरात हळूहळू एक रेल्वेतले आजोबाही तयार होतात. आजोबा शेती करीत असत आणि हौसेने घड्याळ लावीत असत, ही गोष्ट मला तरी कमी प्रतीची वाटत नाही. पण ती सांगायला घरच्यांना जड जाते.

वेळ म्हटले की मुंबईचे भांडण आलेच. आपल्या मार्गावर १२ एप्रिल १८६७ ला विरारहून मुंबईच्या बॅक बेपर्यंत पहिली उपनगरी गाडी निघाली. सकाळी पावणेसातला निघायची, संध्याकाळी साडेपाचला परतीला लागायची. पुढे देशभरच्या रेल्वेंनी मद्रासची वेळ धरली आणि ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या अर्धा तास पुढे होती. १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांतही मद्रास वेळ आणली, तेव्हा शहर बिथरले. विद्यापीठाने राजाबाई टॉवरवर मुंबईचीच वेळ ठेवली आणि सरकारने त्या घड्याळाच्या दिवाबत्तीचा खर्च द्यायला नकार दिला. आता विचार करा, रेल्वेच्या वेळेला लावलेले लंड अँड ब्लॉकलीचे खिशातले घड्याळ घेऊन कोणी गाडीने फोर्टात उतरला आणि त्याने मान वर करून त्याच लंड अँड ब्लॉकलीच्या टॉवरकडे पाहिले, तर दोन्ही बरोबर चालत असूनही अर्ध्या तासाचा फरक. १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाण वेळ आली, ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३८ मिनिटे ५० सेकंद पुढे. महापालिका तरीही मुंबई वेळेला धरून राहिली, ती अगदी स्वातंत्र्य मिळून गेल्यावरही काही वर्षे. ज्याला रेल्वेही पकडायची आणि पालिकेच्या कचेरीतही जायचे, तो डोक्यात सतत वजाबाकी करीत असणार.

आता ज्यासाठी मी मुद्दाम हा विषय घेतला तिथे येतो.

आपल्या गोखिवऱ्यातल्याच एका घरातून मला एक घड्याळ पाहायला मिळाले. तळ्याकडच्या बाजूचे घर, नाव सांगत नाही. निकेलची केस, तबकडीवर वेस्ट एंड, सहाच्या आकड्यापाशी मिना जरा तडकलेला. पाठीवर बी.बी.सी.आय.ची आद्याक्षरे आणि चार आकडी नंबर. इथपर्यंत सगळे पाहिल्यासारखे. मग मागचे झाकण उघडले आणि त्याची आतली बाजू दिव्याखाली तिरकी धरली. सरळ प्रकाशात तिथे काही नसते, चकचकीत धातू. तिरक्या प्रकाशात सुईने ओढलेल्या बारीक रेघा उठून दिसायला लागतात.

घड्याळजी लोकांची ही जुनी रीत आहे, जगभरची. घड्याळ साफसफाईला आले की झाकणाच्या आत तारीख, आपल्या वहीतला नंबर, कधी आपले एखादे अक्षर ओरखडून ठेवायचे. सहा महिन्यांनी गिऱ्हाईक भांडत आले तर ते आपणच उघडले होते की दुसऱ्याने, हे कळायला. ही खूण गिऱ्हाइकासाठी नसतेच.

या झाकणात वरच्या कडेला एकाखाली एक अशा सात नोंदी होत्या, एकाच हाताच्या, इंग्रजी आकड्यांत, महिना आणि साल. पहिली १९२८ ची, शेवटची १९४१ ची. दोन नोंदींत सुमारे दोन वर्षांचे अंतर. म्हणजे घड्याळ नियमाने एकाच माणसाकडे जात होते, बहुधा ज्याच्याकडे रेल्वेचे काम होते अशा माणसाकडे. त्यांच्या खाली मोकळी जागा. मग एक नोंद, तिच्यातले आकडे गुजराती वळणाचे. आणि अगदी खाली, केसच्या बिजागरीशी, देवनागरीत ‘५-५६’ आणि एक अक्षर, ‘म’. १९५६ च्या मे महिन्यात, बहुधा वसई-मुंबईच्या पट्ट्यातल्या कोणा मराठी घड्याळजीने, ते उघडले होते. तोवर घड्याळ रेल्वेच्या वहीतून सुटून घरचे झाले असणार, कारण रेल्वेच्या घड्याळाला असा हात कोणी लावू दिला नसता.

मी ते घड्याळ स्टेशनजवळ बसणाऱ्या एका वयस्कर घड्याळजींना दाखवले. त्यांनी ओरखड्यांकडे पाहिलेच नाही. डोळ्याला भिंग लावले, मशीनवर वाकले आणि म्हणाले, “स्क्रूची डोकी बघा.” मी बघितली. “एकाही डोक्याची खाच चेपलेली नाही. स्क्रू-ड्रायव्हर घासून बरोब्बर मापाचा केल्याशिवाय हे होत नाही. उघडलंय ते सगळ्यांनी शहाण्या हातांनी.” मग जरा थांबून, “हा ‘म’ कोण ते नाही सांगता यायचं. आमच्यासारख्याला कोण डिरेक्टरीत घालतंय?”

त्यांचे म्हणणे बरोबर आहे, आणि संशोधनाची खरी अडचणही तीच आहे. तबकडीवरच्या पेढ्यांनी जाहिराती दिल्या, डिरेक्टरीत नावे छापली, म्हणून त्या आज सापडतात. घड्याळ तीस-तीस वर्षे चालते ठेवले ते काउंटरच्या काचेआड बसणाऱ्या माणसांनी. त्यांची नोंद कुठे मिळेल, तर दुकाने परवाना खात्याच्या जुन्या वह्यांत, एखाद्या पावतीपुस्तकात, जत्रेच्या स्मरणिकेतल्या पाव पानाच्या जाहिरातीत. आणि या झाकणांत. एका घड्याळातल्या ‘म’ने काही सिद्ध होत नाही. पण वसई, नालासोपारा, विरार, आगाशी इथल्या पन्नास घड्याळांची झाकणे कोणी छायाचित्रे काढून शेजारी शेजारी मांडली आणि तोच ‘म’, त्याच वळणाचा, आठ झाकणांत आला, तर तो माणूस कुठल्या काळात, कुठल्या स्टेशनापाशी बसत होता हे सांगता येईल. कदाचित एखादा श्रोता उठून सांगेल, अहो, हे तर आमच्या काकांचे अक्षर. अमेरिकेतले जवाहिरे असेच एकेक करून सापडले. फरक इतकाच, की त्यांना छापील यादी होती. आपल्याला ती तयार करायची आहे.

त्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही, थोडी सबुरी लागते. तबकडीवरचे नाव जसेच्या तसे उतरवा, स्पेलिंग चुकीचे असले तरी सुधारू नका. मशीनवरचा नंबर आणि केसवरचा नंबर वेगळे असतात, ते वेगळे लिहा. घरची हकीकत लिहा, पण कोणी सांगितली आणि सांगणाऱ्याला ती कोणाकडून कळली हेही लिहा. झाकणाचा फोटो एका बाजूने टॉर्च मारून काढा, फ्लॅश मारून नव्हे.

आणि एक कळकळीची विनंती. दिवाळीच्या साफसफाईत घड्याळ हाती लागले की पितळेच्या समईला लावतात तो पॉलिशचा डबा उघडू नका. मी पाहिलेल्या घड्याळांपैकी कितीतरी आतून आरशासारखी लखलखीत होती. वाचण्याजोगे एक अक्षर शिल्लक नव्हते.

आज काही मंडळी घड्याळे घेऊन आली आहेत, असे संयोजकांनी मला सांगितले. आभारप्रदर्शन झाल्यावर मी मागच्या टेबलापाशी भिंग घेऊन बसतो. फक्त तोवर कोणी चावी देऊ नका. आत वाळून गेलेले तेल आहे, चाके तशीच फिरली तर झिजतील. आणि झाकण नखाने उघडायचा प्रयत्नही नको, त्यासाठी माझ्याकडे वेगळी पट्टी आहे.